बाबांसाठी रिव्हॉल्व्हर निवडताना

रिव्हॉल्व्हर घ्यायला आलेला माणूस मी दुकानाच्या पायरीवरच ओळखायचो. काडतुसं न्यायला आलेला बागाईतदार तडक आत यायचा, काउंटरवर परवाना आपटायचा आणि माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागायचा. रिव्हॉल्व्हरवाला तसा नाही. तो आधी समोरच्या पानपट्टीवर उभा राहणार, मग नुकतीच अक्षरओळख झाल्यासारखी आमची पाटी वाचत बसणार, आणि शेवटी आत येऊन आवाज खाली घेऊन म्हणणार, "जरा चौकशी करायची होती." अहो, चौकशी काय चौकशी! मुलगी बघायला आल्यासारखी तोंडं असायची एकेकाची.

रत्नागिरीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत ते दुकान होतं. बंदुका, काडतुसं आणि दुरुस्ती. मी तिथे सव्वीस वर्षं काढली. मालकांनी वय झालं म्हणून दुकान बंद केलं आणि आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा स्क्रीनला काच लावून घ्यायला गेलो तर पोरगा म्हणाला, "काका, काय शोधताय?" मी भिंतीकडे बघत होतो. तिथे आमचं लोखंडी कपाट होतं. उघडलं की बंदुकीच्या तेलाचा वास यायचा, आणि तो वास मला अजून आवडतो. बायकोला आवडायचा नाही. ती मला आधी न्हाणीघरात पाठवायची आणि मग चहा द्यायची.

मालक लष्करातून आलेले. तिथे ते हत्यारं दुरुस्त करायच्या खात्यात होते. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचे, आणि राहिलेलं सगळं बोलायचं काम माझ्याकडे होतं. पण एक प्रश्न मात्र तेच विचारायचे. गिऱ्हाइकाने "कुठलं चांगलं?" म्हटलं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "कशासाठी हवंय?"

एवढंच. पण भल्याभल्यांची बोबडी वळायची. कारण निम्म्या लोकांनी त्याचा विचारच केलेला नसायचा. खिशात परवाना असायचा, त्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवलेले असायचे, आणि कशासाठी म्हटलं की, "असंच... असावं म्हणून."

"असंच असावं म्हणून कुत्रा पाळा," मालक म्हणायचे.

मला हा प्रश्न म्हणजे धंद्याची माती करायचा प्रकार वाटायचा. गिऱ्हाईक आलंय, द्या ना त्याला! पण पहिल्या दोन-चार वर्षांत मालकांनी मला जे शिकवलं ते सगळं त्या एका प्रश्नाला धरून होतं. घरात ठेवायचं असेल तर जरा वजनदार घ्या, नळी मध्यम, मूठ भरीव. घाबरलेल्या माणसाच्या हातात हलकी वस्तू थरथरते, जड वस्तू बसते. अंगावर बाळगायचं असेल तर आखूड नळीचं, हलकं. पण ते हाताला दणका जास्त देतं आणि नेम कमी देतं, हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगायचं. आणि आपल्या खाऱ्या हवेत, घामाच्या खिशात ते आठ दिवसांत गंजायला लागतं, हे तिसऱ्यांदा सांगायचं. नुसती निशाणबाजी शिकायची असेल तर लांब नळी, बारीक काडतूस, आणि चाप ओढण्याआधी घोडा अंगठ्याने मागे घ्यायची सवय. आणि बागेतल्या माकडांसाठी हवं असेल तर रिव्हॉल्व्हर घेऊच नये.

हे शेवटचं पटवताना माझ्या तोंडाला फेस यायचा. आंजर्ल्याकडचे एक बागाईतदार होते, चांगले शिकलेसवरलेले. त्यांना रिव्हॉल्व्हरच हवं. का, तर कलमावर चढून बसलेल्या वानरावर बंदूक रोखली की ते पानाआड जातं. रिव्हॉल्व्हर कसं, पटकन खिशातून काढता येईल!

मी म्हटलं, "काका, चाळीस पावलांवरचं वानर तुम्ही रिव्हॉल्व्हरने मारलंत तर मी ही मिशी काढीन. गोळी जाईल शेजाऱ्याच्या कौलात."

"शेजारी भाऊबंदच आहे," ते म्हणाले.

मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेवटी त्या गृहस्थांना आम्ही दुनळी बंदुकीवर राजी केलं. पुढे दरवर्षी मोसमात त्यांच्याकडून पिकत घातलेली पेटी यायची. त्यातला निम्मा आंबा मीच खाल्ला असेन.

काउंटरखाली मालकांनी तीन जुनी रिव्हॉल्व्हरं ठेवलेली होती. एक लांब नळीचं, एक मधलं, एक आखूड. तिन्हीतली आतली पिन काढून टाकलेली, म्हणजे त्यातून काही उडायची सोय नाही. नवं गिऱ्हाईक आलं की ती तीन समोर ठेवायची आणि परीक्षा घ्यायची. नळीच्या टोकाशी रुपयाचं नाणं ठेवायचं, हात सरळ करायचा आणि चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. रिव्हॉल्व्हरचा चाप काय सायकलच्या घंटीसारखा नसतो, चांगला जड असतो. तो ओढताना अख्खं मनगट हलतं. मोठमोठे कंत्राटदार, गळ्यात साखळी, हातात कडं, आणि नाणं टणकन फरशीवर! मग नाणं उचलायला वाकायचं आणि वर येईपर्यंत चेहरा ठीकठाक करायचा. मला ते बघायला फार आवडायचं. लपवून काय ठेवू?

एकच बाई अशी आली जिला पहिल्या दिवशी जमलं. खेडला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर होत्या, एकट्या राहायच्या. मालकांनी विचारलं, "कशासाठी?" तर म्हणाल्या, "भीती वाटते म्हणून. आणि भीती वाटते हे लोकांना कळू नये म्हणून." मालकांनी मधलं रिव्हॉल्व्हर त्यांच्यापुढे सरकवलं. दोनदा नाणं पडलं, तिसऱ्यांदा राहिलं. त्या गेल्यावर मालक म्हणाले, "असं गिऱ्हाईक असावं. कशासाठी ते माहीत असलं की बाकी सोपं असतं."

असं करत करत मी तयार झालो. इतका की हात बघून सांगायचो. गिऱ्हाईक परवाना पुढे करायचं तेव्हाच बोटांची लांबी, पंजाची रुंदी, मनगट बघून घ्यायचो आणि मनात ठरवायचो, ह्याला मधलं, ह्याला आखूड नको. दहातल्या नऊ वेळा बरोबर. मालकही मला विचारायला लागले, "काय वाटतं?" माझी छाती वीतभर फुगायची. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की पुढे मी जो शहाणपणा केला तो कुणा शिकाऊ पोराने केलेला नव्हता.

आमचं गाव लांज्याच्या पुढे, आत. रत्नागिरीपासून एसटीने दोन तास म्हणा. बाबा आणि आई तिथेच राहायचे. भात, थोडे काजू, कातळाच्या कडेला पाच-पंचवीस कलमं. बाबांकडे ठासणीची जुनी बंदूक होती, आजोबांच्या वेळची, शेताच्या राखणीच्या परवान्यावरची. नळीत वरून दारू ओतायची, गजाने ठासायची आणि मग उडवायची. डुकरं तोवर भात खाऊन ढेकर देऊन जायची. पण ती बंदूक काही डुकरांसाठी नव्हतीच. ती शिमग्यासाठी होती.

आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. आमच्या अंगणात ती टेकायच्या आधी एक बार काढायचा, आणि तो आमच्या घराने काढायचा, हा आमचा मान. नळीत गोळी नाही, छर्रा नाही, नुसती दारू आणि वर चिंध्यांचा बोळा. पोलीस पाटील स्वतः नळी तपासतो, मग बार. पण नळी वर आभाळाकडे हवी. आडवा बार गेला की देवीचा अपमान, आणि माणसांच्या अंगावर जाईल तो धोका वेगळाच. घरातल्या थोरल्या पुरुषाने हे करायचं. त्याने एकदा चारचौघांत "मला होत नाही" म्हटलं की मान सगळ्या भाऊबंदांत वयाने थोरला असेल त्याच्याकडे जातो आणि परत येत नाही. बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल. मुंबईला नोकरी करणारे लोक रजा मिळाली नाही तर नोकरी सोडून शिमग्याला येतात, त्यांना विचारा.

आणि मी? मी दोन तासांवर होतो आणि जात नव्हतो. शिमगा येतो तो नेमका आंब्याच्या तोंडावर. कैरी धरलेली, माकडं पिसाळलेली, दुकानात काडतुसांना ही गर्दी! मी गणपतीला जायचो. शिमग्याला फोन करायचो. बाबा म्हणायचे, "बार झकास झाला," मी म्हणायचो, "वा वा," आणि फोन ठेवायचो. वीस-बावीस वर्षं असंच चाललं. बाबांनी कधी ये म्हटलं नाही, आणि त्यांना माझी अडचण समजते असं मी गृहीत धरलं होतं.

एका वर्षी माघ महिन्यात बाबा अचानक दुकानात आले. चौऱ्याहत्तरी गाठलेली, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. पिशवीत आईने दिलेले घावन आणि कुळथाचं पीठ. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही? कळवायचं तरी!" तर ते काउंटरजवळच्या स्टुलावर बसले, इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "जरा चौकशी करायची होती."

मला हसूच आलं. मी म्हटलं, "बोला, काय सेवा करू?"

"रिव्हॉल्व्हरचा अर्ज करायचा म्हणतोय. कचेरीत जायच्या आधी म्हटलं तुला विचारावं, कुठलं घ्यायचं."

मी काय केलं असेन? इतकी वर्षं मालकांनी प्रत्येक आल्यागेल्याला विचारलेला प्रश्न विचारला असेन? नाही. मला वाटलं, मला माहीतच आहे. घरात दोघंच म्हातारी. वाडीतली निम्मी घरं बंद. गेल्या पावसाळ्यात बिबट्या गोठ्यापर्यंत आलेला. कुठे चोरी झाल्याचं ऐकलं असेल. घाबरलेत म्हातारे, आणि तोंडाने सांगवत नाही. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी आपण किती समजूतदार आहोत असंही वाटलं.

मी तिन्ही रिव्हॉल्व्हरं काढली आणि सुरू झालो. घरासाठी नळी कशी हवी, मूठ कशी हवी, वजन कसं हवं. बाबा शांतपणे ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "आवाज कुठल्याचा मोठा?"

"आवाजाचं काय करायचंय तुम्हाला?"

"नाय, म्हणजे लांबवर ऐकू जाईल असा."

"बाबा, आवाजाने चोर पळत नाही. आणि बिबट्या तर हसेल."

त्यांनी आखूड रिव्हॉल्व्हर उजव्या हातात घेऊन तोललं. थोड्या वेळाने म्हणाले, "एका हातानं वर धरून उडवता येतं ना?"

"वर कशाला धरायचं? समोर धरायचं! सिनेमे बघायला लागलात की काय तुम्ही?"

मग मी नाण्याची परीक्षा घेतली. सख्ख्या बापाची. नाणं पडलं. दुसरं रिव्हॉल्व्हर दिलं, पडलं. तिसऱ्या वेळी नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं आणि बाबा ते काढायला वाकू लागले, तेव्हा मी चिडलो. कशावर चिडलो कोण जाणे. बाप म्हातारा झालेला बघवला नाही, त्यावरच बहुतेक. मी ओरडलोच, "राहू द्या हो! बाबा, हे खेळणं नाही. ह्या वयात हे घेऊन कुणाला तरी लागलं म्हणजे? काही नको रिव्हॉल्व्हर-बिव्हॉल्व्हर. दाराला चांगली कडी बसवून देतो."

"बरं," बाबा म्हणाले. चहा आला होता, तो प्याले. टॉवेल सारखा केला. मी एसटी स्टँडपर्यंत येतो म्हटलं, तर म्हणाले, "गिऱ्हाईक हाय बघ तुझ्याकडं," आणि निघून गेले.

मालक आत बसून एक घोडा घासत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वडिलांचा डावा हात कधीपासून असा आहे?"

"कसा?"

"पिशवी उजव्या हातात. चहा उजव्या हातात. टॉवेल उजव्या हाताने. डावा मांडीवरून हलला नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू त्यांना कशासाठी ते विचारलंच नाहीस."

मी हात बघून रिव्हॉल्व्हर सांगणारा माणूस! मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लगेच घरी फोन लावला. आईने उचलला. आधी तिने हो-नाही केलं, मग सगळं सांगून टाकलं. गणपतीला मी येऊन गेल्यावर, परतीच्या पावसात, बाबा अंगणाच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, घसरून पडले होते. डावा खांदा तेव्हापासून धरलेला. वैद्य झाला, लांज्याचे डॉक्टर झाले. हात छातीच्या वर जात नव्हता. ठासणीच्या बंदुकीची नळी पेलायला डावा हात वर जायला हवा, तो जाईना. बाबांनी गोठ्यामागे जाऊन बंदूक उचलून बघितली होती, रोज बघत होते, आणि रोज येऊन गप्प बसत होते.

"उजवा हात बरा हाय ना त्यांचा," आई म्हणाली. "म्हणून म्हणाले, एका हातात मावेल असं काहीतरी घेतो. बार तो बार. नायतर मान जातो बघ पलीकडं."

पलीकडे म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याच्या अंगणाचा गडगा आमच्या अंगणाला लागून. त्याने म्हणे शिमग्यासाठी स्वतःची बंदूक घासूनपुसून ठेवली होती आणि गावात चार ठिकाणी बोलून दाखवलं होतं, "काकांचं वय झालं आता."

"अगं, मग मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलो.

"तुझी गर्दी असते ना," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. रिव्हॉल्व्हर तर शक्यच नव्हतं. एक तर परवाना मिळायला किती महिने गेले असते देव जाणे, आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात गोळी असतेच. ती आभाळात सोडली तरी खाली कुणाच्या तरी डोक्यावर येणारच, खाली सगळा गाव जमलेला. शिवाय हवेत गोळी झाडणं हा सरळ गुन्हा. मालकांनी घोडा बाजूला ठेवला आणि कॅलेंडरकडे बघितलं. "पालखी तुमच्याकडे कधी येते?"

"पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी. दुपारी."

"चार दिवस रजा घे."

"अहो, पण त्या दिवसांत गर्दी..."

"मी मेलोय का?" मालक म्हणाले. सव्वीस वर्षांत तेवढं एकदाच ते माझ्यावर चढ्या आवाजात बोलले.

पालखीच्या आदल्या दिवशी मी गावी पोहोचलो. बाबा पडवीत काजूच्या बिया वेगळ्या करत बसले होते. मला बघून म्हणाले, "काय रे, दुकान बंद हाय?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. जेवताना आईने मला तीनदा आमटी वाढली, म्हणजे ती खूश होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल-ताशे घाटीवरून खाली उतरताना ऐकू आले आणि बाबांनी बंदूक बाहेर काढली. दारू उजव्या हाताने ओतली, बोळा घातला, गजाने ठासलं. पाटलांनी नळी तपासून मान हलवली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईवाले मोबाइल वर धरून उभे. गडग्यापलीकडे चुलतभाऊ, नवा कुडता, हातात बंदूक, चेहऱ्यावर काळजी. त्याची ती काळजी बघून मला असा संताप आला की काय सांगू!

पालखी आत आली. नाचवून झाली. गावचे पहिले मानकरी, आमचे गावकर, म्हणाले, "हां, बार होऊ दे!"

बाबांनी बंदूक उचलली. दस्ता कमरेपाशी धरला, उजवा हात चापावर. डाव्या हाताने नळी उचलायला लागले. पोटापर्यंत आली. छातीपर्यंत आली. तिथे थांबली. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. ढोल वाजत होते आणि नळी लटलट कापत होती. पालखीच्या भोयांनी एकमेकांकडे बघितलं. पलीकडून आवाज आला, "काका, राहू दे, त्रास नको करून घेऊ. मी हाय."

मी काय करायचं ते आधी ठरवलेलं नव्हतं. मी पुढे गेलो, बाबांच्या समोर त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो, नळी धरली आणि माझ्या उजव्या खांद्यावर ठेवली. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. नळीचं तोंड आपोआप आभाळाकडे गेलं, कातळाच्या बाजूला, जिथे माणूस नाही.

मागून बाबा म्हणाले, "कान फुटतील तुझे."

"ओढा तुम्ही."

त्यांनी ओढला नाही. क्षणभर मला वाटलं, जमत नाहीये. मग माझ्या डोक्यावरून काहीतरी आलं. त्यांचा टॉवेल. उजव्या हाताने त्यांनी तो माझ्या डोक्याभोवती, कानांवरून गुंडाळला, एक वेढा, दोन वेढे, टोक आत खोचलं. सगळा गाव थांबला होता, देवी थांबली होती, आणि माझा बाप माझ्या कानांना टॉवेल बांधत होता. मी पन्नाशीचा घोडा, नाक ओढत उभा होतो. मग त्यांनी चाप ओढला.

बार असा झाला की घरावरची कौलं हलली. धुराने काही दिसेना. "व्हय म्हाराजा!" असा एकच गलका झाला असणार. असणार म्हणतो, कारण मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. उजव्या कानात नुसती शिट्टी वाजत होती.

चुलतभावाने लगेच तंटा काढलाच. खांदा मुलाचा होता, म्हणजे बार काकांचा धरायचा नाही, असं तो हातवारे करून सांगत होता. गावकरांनी ऐकून घेतलं आणि हात वर करून काहीतरी विचारलं. आईने मला नंतर सांगितलं, त्यांनी एवढंच विचारलं होतं, "चाप कोणी ओढला?" बाबांनी, असं सगळे म्हणाले. "मग झालं तर," गावकर म्हणाले, आणि पालखी टेकली. आईने देवीची ओटी भरली. चुलतभावाने बंदूक आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन प्रसादाला हात पुढे केला. संध्याकाळी तोच माझ्या कानात घालायला गरम तेल घेऊन आला. आमच्याकडे भांडणं अशीच असतात.

त्यानंतर बाबा चार शिमगे होते. चारही वेळा खांदा माझाच होता, आणि टॉवेल त्यांचाच. डॉक्टर म्हणतात, उजव्या कानाने तुम्हाला कमी ऐकू येतं, कशाने झालं? मी म्हणतो, धंद्यातलं आहे.

पण मला आठवतो तो पहिल्या वर्षीचा बार झाल्यानंतरचा वेळ. पालखी पुढच्या घरी गेली होती. अंगणात गुलाल, माणसं पांगत होती, काही अजून पाणी पीत उभी होती. बाबा पायरीवर बसले होते, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी टॉवेल माझ्या डोक्यावरून सोडला आणि झटकला. मग समोर बघत ओठ हलवले. काहीतरी म्हणाले.

"काय?" मी म्हटलं.

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. माणसं होती. ते माझ्या कानाशी वाकले आणि पुन्हा म्हणाले. शिट्टीतून काही कळेना.

"काय म्हणालात? मोठ्याने बोला!"

वीस-बावीस वर्षं ज्या माणसाने हे तोंडातून काढलं नव्हतं, जे विचारायला नको म्हणून जो एसटीत बसून माझ्याकडे रिव्हॉल्व्हर बघायला आला होता, तो माणूस लालबुंद झाला. मग छाती भरून ओरडला, "पुढच्या वर्षी येशील काय रे?"

अंगणातली सगळी माणसं वळून बघायला लागली. आई दारात येऊन उभी राहिली.

या वेळी मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरीही मी कानावर हात धरला आणि म्हटलं, "काय? पुन्हा सांगा!"